बॉटला ‘परेल’ कुठे माहीत होतं

मंडळी, आज सकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी आलं नाही आणि शिव्या मला पडल्या.

कारण सांगतो. बिल्डिंगच्या चॅटरूममध्ये मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लावलीय; सगळे तिला ‘बॉट’ म्हणतात. ती अधूनमधून सॉकेट उघडून, म्हणजे नेटवर स्वतःच जोडणी करून, पालिकेच्या पाण्याच्या सूचनांच्या वेबसाइटवर जाते, ‘परळ’ असलेली ओळ उचलते आणि चॅटरूममध्ये टाकते. तिच्या भरवशावर सगळ्यांनी वेबसाइट बघणंच सोडलं होतं.

पण कालपासून चॅटरूम गप्प होती. खालच्या मजल्यावरच्या परब काकी वर आल्या. काका अंथरुणाला खिळलेले आणि घरात पिंप रिकामं. "तुझ्या त्या बॉटाक झोप लागली काय रे?"

मी वेबसाइट उघडली. पाणी बंदची सूचना कालच आली होती, पण या वेळी कोणीतरी ‘परळ’ऐवजी ‘परेल’ लिहिलं होतं.

डोकंच सणकलं. मराठी पानावर परेल? काकींना म्हटलं, आधी पालिकेकडे तक्रार करतो, नाव सुधारायलाच लावतो.

"कर रे तक्रार. पण तवसर आम्ही काय पिऊचा?"

शेजाऱ्यांनी त्यांना दोन बादल्या दिल्या आणि मी दात-ओठ खात स्क्रिप्टमध्ये ‘परेल’ही टाकलं.

मघाशी बॉटचा मेसेज आला: ‘परेल विभागात उद्या पाणीपुरवठा नियमित.’ सगळ्यांनी अंगठे दिले. काकींनी खाली एकच शब्द लिहिला: ‘परळ’.

तक्रारीत काय लिहावं सुचत नव्हतं. मी तोच शब्द चिकटवून पाठवला. तुम्हाला काय वाटतं, कळेल ना त्यांना?