सुगरणीचा नर आणि भाड्याचे फ्लॅट

मँचेस्टरबाहेरच्या एका पक्षी उद्यानात आफ्रिकन सुगरण पक्ष्यांचा मोठा पिंजरा आहे. त्या उन्हाळ्यात माझे सगळे रविवार तिथे गेले. नाव सुगरणीचं, पण राबतो नर. पिवळाधमक पठ्ठ्या गवताची हिरवी पाती चिरून घरटं विणायचा, मग त्याखाली उलटा लोंबकळून पंख फडफडवत माद्यांना बोलवायचा. एखादी यायची, आत शिरायची, चोचीने विणकाम ओढून बघायची आणि उडून जायची. घरटं वाळून तपकिरी पडलं की कुणी फिरकायचंही नाही. मग तो स्वतःच ते उसवून टाकायचा आणि त्याच फांदीवर पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मला त्याचा राग यायचा. इतकी लाचारी कशाला? खरं तर राग स्वतःचाच होता. लग्नानंतर बायको पुण्यातच राहिली होती आणि मी इथून व्हिडिओ कॉलवर तिला भाड्याचे फ्लॅट दाखवत होतो. एकाचं किचन अंधारं, एकाला ट्रामचा आवाज. एक चांगला होता, पण सगळीकडे कार्पेट, मग ओल्या फडक्याने पुसायचं काय, म्हणाली. प्रत्येक नकारानंतर मी एजंटला फोन करायचो. ती आलीच नाही तर, ही भीती होती.

शेवटी पूर्वेच्या खिडकीचा एक मिळाला. तिला न विचारताच घेतला. आपल्याकडे नव्या घरात दूध उतू घालतात, म्हणून तिला फोनवर घेऊन मी एकटाच शेगडीपाशी उभा राहिलो. दूध वर आलं, सांडलं, करपलं आणि धुराचा अलार्म केकाटायला लागला. मी खुर्चीवर चढून एका हाताने टॉवेल हलवत होतो, दुसऱ्यात फोन, आणि तोंड चालूच होतं. "हे बघ, ऊन केवढं येतं. बस स्टॉप पण जवळच आहे."

अलार्म थांबल्यावर ती म्हणाली, "आधी खाली उतर. पडशील."

मी उतरलो.

"फ्लॅट छान आहे. आधीचेही चांगलेच होते, मीच उगाच खोट काढत राहिले. मला यायचंच नाहीये रे. तुला सांगायची हिंमत होत नव्हती."

"थांब," मी म्हणालो, "बेडरूम कुठे दाखवलीय अजून," आणि फोन घेऊन आत गेलो.