कच्चा माल

सरांनी टेपचं बटण दाबलं आणि वर्गात माझ्या आत्याचा आवाज आला.

अंधेरीचं कॉलेज. एम.ए.चा वर्ग, विषय समाजशास्त्र. वर्गात वारली समाजातली मी एकटी. गाण्याआधी आत्याने घसा खाकरला होता, तेही टेपमध्ये आलेलं. पोरं फिदीफिदी हसली. मागच्या बाकावरून कुणीतरी मुद्दाम तसाच घसा खाकरला. पुन्हा हशा.

"हसू नका," सर म्हणाले. पण तेही हसतच होते. "आपल्यात त्यांच्यातलीच एक आहे. ऊठ गं. अर्थ सांग या ओळीचा. नाहीतर असं कर, गाऊनच दाखव."

मी उठले. शब्द फुटेना. अर्थ येत होता, लहानपणापासून येत होता. पण आवाज माझ्या घरातला. त्याला हसणाऱ्या तोंडांपुढे मी तो काय म्हणून उलगडू?

सरांनी जरा वाट पाहिली. मग फळ्याकडे वळून लिहिलं : स्वभाव – लाजाळू, मितभाषी.

सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. मी उभीच. माझ्याकडे बघायचं आणि वहीत लिहायचं. माझ्या डब्यातली भाकरी रोज मागून खायची ती बाकावरची शेजारीणसुद्धा लिहीत होती.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही आरेच्या जंगलातल्या पाड्यावर राहायचो. बाप तबेल्यांसाठी गवत कापायचा, आई गोरेगाव स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसायची. आत्या धवलेरी. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. गाण्यांनी. ती गात नाही तोवर लग्न लागत नाही. उन्हाळ्यात चुलतबहिणीच्या लग्नाला सर स्वतःहून आले होते. पाहुणा म्हणून आम्ही त्यांना बसवलं, जेवू घातलं. टेप कधी चालू केला ते कुणाला सांगितलंही नाही त्यांनी.

संध्याकाळी घरी आले. आत्या सुपात तांदूळ पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"कोणाचं लगीन होतं तिथं?"

"कोणाचंच नाय."

"मग गाणं कशाला लावलं?"



दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, आत्याला विचारल्याशिवाय तो टेप लावू नका. आणि या गाण्यांवर तुम्ही लिहिताय त्या लेखात तिचं नाव घाला.

सरांनी चष्मा काढला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या तोंडावर माझी कीव होती.

"हे बघ, तुझी आत्या देते तो कच्चा माल. त्याचं ज्ञान आपण करतो. शर्टावर कुणी कापसाचं नाव लिहितं का?" मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात चर्चासत्र आहे. बाहेरचे पाहुणे येणारेत. तिला घेऊनच ये ना. गाईल दोन गाणी."

मला वाटलं, आत्या नाही म्हणेल. ती म्हणाली, "जाऊ. माझा आवाज कुठं ठेवलाय, बघू दे मला."

धुतलेलं लुगडं नेसून ती आली. हॉल भरलेला. वर व्यासपीठावर खुर्च्या, पाहुणे, फुलदाण्या. खाली जमिनीवर एक सतरंजी.

"आजी, तुम्ही इथे," शिपाई म्हणाला.

आत्याने सतरंजीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.  मी पायऱ्या चढले. टोकाची एक रिकामी खुर्ची जरा पुढे ओढली. आत्याचा हात धरून तिला वर आणलं आणि बसवलं.

सर माझ्या कानाशी आले. "तमाशा करू नकोस. तुझा प्रबंध माझ्या सहीशिवाय जात नाही, लक्षात ठेव."

"ठेवलंय, सर."

मग त्यांनी हसून माइक आत्यापुढे धरला. गा म्हणाले.

"लगीन नाय तर गाणं नाय," आत्या म्हणाली. "काय इचारायचं ते इचारा. मी सांगन."

 एवढे शिकलेले लोक, आमच्यावर बोलायलाच जमलेले. तिला एकानेही काही विचारलं नाही. कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी पुढ्यातले कागद चाळत होतं.

सर म्हणाले, "ठीक आहे, आपल्याकडे ध्वनिमुद्रण आहेच." आणि टेप लावला.

आत्या समोर बसलेली, तोंड मिटलेलं. आणि तिचा आवाज शेजारच्या डब्यातून येतोय. ती त्या डब्याकडे बघत राहिली. तिची अशी नजर मी कधी पाहिली नव्हती.

मी उठले आणि टेपची पिन उपटली.

"ती नको म्हणालीय," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ऐकू नाही आलं का तुम्हाला?"

त्या दिवशी मला कुणी लाजाळू म्हटलं नाही. उद्धट म्हणाले. आम्ही दोघी बाहेर पडलो. बसस्टॉपवर आत्याने लुगड्याचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "आता पुरं शिक. सोडू नको."

सरांनी सही केली नाही. माझं वर्ष गेलं. बाप म्हणाला, "पाया पड त्यांच्या, आटपून टाक." नाही पडले. नव्याच लागलेल्या एका बाईंनी मला मार्गदर्शन करायचं कबूल केलं. धवलेरींवर प्रबंध लिहिला. काय लिहायचं ते आत्याला विचारून लिहिलं. जे लिहू नको म्हणाली, ते नाही लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. पहिल्याच पानावर बोट ठेवून म्हणाले, "मार्गदर्शक दोन? हे दुसरं नाव कुणाचं?"

"लखमीबाई. माझी आत्या. धवलेरी आहे."

"शिक्षण?"

"तिच्या आईकडे."

ते हसले. "हे बघा, तुमची भावना समजतो मी. पण हे नाव माहिती देणाऱ्यांत टाका, मागे. तिथे शोभेल. एवढी दुरुस्ती करा, लगेच पास करतो."

माझ्या बाईंनी मान खाली घातली. त्यांची नोकरी नवी होती.

मी प्रबंधाचं तेच पान पुन्हा परीक्षकांसमोर सरकवलं.

"नापास करा, सर. पुढच्या वर्षी याच पानासकट परत येईन. त्याच्या पुढच्या वर्षीही येईन. नाव आहे तिथेच राहील."