अक्कांचा टॉवेल

५ जून १९८८, रविवार. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कपाट झाडायला घेतलं. ही खोली आता माझी. वरच्या कप्प्यात खडूंचे खोके, मधल्यात फाटके नकाशे, खालच्यात झुरळं. नकाशांच्या मागे लाल काठांचा एक टॉवेल निघाला, नीट घडी केलेला. एका कोपऱ्याला गाठ, गाठीत गोटा. झटकून टेबलावर टाकला तर टक् असा आवाज झाला. त्या आवाजासरशी औरादचा स्टँड डोळ्यांपुढे आला आणि खांबाजवळ उभ्या असलेल्या अक्का.

सकाळी औरादहून बिदरला जाणारी गाडी स्टँडात शिरताना तुम्ही कधी तिथं उभे राहिला असाल, तर तुम्हाला सांगायला नको. गाडी अजून वळलेली नसते तोच माणसं तिच्या बाजूनं पळायला लागतात. खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात. ज्याचं कापड ज्या बाकावर, त्याची ती जागा, हा आमच्याकडचा कायदा. एकानं एकदा चप्पल टाकली होती. बाकी कुणी ती जागा घेतली नाही आणि त्यालाही ओल्या चिखलावर बसवेना.

अक्का पळत नसत. पांढऱ्या पातळाचा पदर खोचून खांबाजवळ उभ्या राहत. गाडी समोरून सरकताना हात मागे नेत आणि टॉवेल सोडत. गोट्याच्या वजनानं तो बरोबर ड्रायव्हरच्या मागच्या दुसऱ्या बाकावर पडे. मग त्या सावकाश चढत.

गंमत पुढेच होती. एवढी पटकावलेली जागा, गाडी औरादच्या बाहेर पडायच्या आत त्या कुणाला तरी देऊन टाकत. कधी कुणी म्हातारा, कधी लेकुरवाळी, कधी नुसताच रात्रपाळीचा पेंगुळलेला माणूस. पण मागावी लागे. आणि देण्याआधी अक्का एकच विचारत.

"जागा कुणाची?"

"तुमची, अक्का."

"मग बस."

आणि संतपूर येईपर्यंत दांडी धरून उभ्या. शेजारी मी बसलेली. आम्ही दोघी संतपूरच्या मराठी शाळेत. त्या मुख्याध्यापिका, मी चौथीची बाई. मी जागा सोडत नसे. तिकीट काढलंय, बसते, असा माझा सरळ हिशेब. एकदा मी वैतागून म्हणाले, "अक्का, द्यायचीच असती तर टॉवेल टाकता तरी कामून?"

"टाकल्याबिगर देऊ कशी? माझी असल्याशिवाय देता येती व्हय?"

एकदा एका आडत दुकानदारानं टॉवेल उचलून बाजूला ठेवला आणि ऐसपैस बसला. अक्का त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"जागा कुणाची?"

"सरकारची."

अक्का हलल्या नाहीत. त्यांच्या मागे सगळी रांग अडली. कंडक्टर घंटी मारेना. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ सावकार, म्हणून टाका की एकदा, बाजार उठायलाय बिदरचा!"

"बरं, तुमची," सावकार पुटपुटला.

"मग बसा," अक्का म्हणाल्या आणि दांडी धरून उभ्या राहिल्या. तो बिचारा दोन मैल कसाबसा बसला. मग स्वतःच उठला आणि "बसा हो अक्का, घाम आणलात," असं म्हणत दारात जाऊन उभा राहिला. अक्का बसल्या नाहीत. त्या बाकावर एक पेरूवाली बसली.

दुसऱ्या एका सकाळी कंडक्टरनं हुकूम सोडला, "ए अक्का, उठा. साहेब आलेत." साहेब म्हणजे शाळा तपासायला निघालेले अधिकारी, आणि ते आमचीच शाळा तपासणार होते. मी अक्कांना कोपर मारलं. अक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या. "उठवल्यावर उठत न्हाई मी," एवढंच म्हणाल्या. शेवटी साहेबच वाकून म्हणाले, "बाई, गुडघा धरलाय. जरा टेकायला मिळेल का?" अक्का चटकन उठल्या. त्या दिवशी शाळेची तपासणी कशी झाली हे विचारू नका. साहेब सगळ्या वर्गांत आधी विचारून आत येत होते.

हे असं का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मधल्या सुट्टीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. अक्कांचं माहेर मुडबीकडचं. "ल्हानपणी आईसंगं बाजाराला जायची मी," त्या म्हणाल्या. "तिकीट पुरं घ्यायचे, अन् बाक मोकळा असला तरी आम्हाला दाराजवळ खाली बसवायचे. छप्पन साली अप्पानं धम्म घेतला. फुडल्या बाजाराला आईला बाकावर बसवली. आईनं दोन्ही हातांनी बाक गच्च धरला. गाडी अजून उभीच होती."

माझे आजोबा त्याच वाटेनं, असल्याच गाडीत वर बसून जात असणार. अक्कांनी शेंगांची टरफलं गोळा केली आणि घंटा द्यायला गेल्या.

त्यांना एकच मुलगी. नवरा लवकर गेला, मुलीला त्यांनी एकटीनं वाढवलं. ती गुलबर्ग्याला नर्सिंग शिकली. बिदरच्या सरकारी दवाखान्यात लागेल, शनिवारी घरी येईल, असं अक्कांनी मनात धरलं होतं. तिनं परस्पर मस्कतची नोकरी ठरवली आणि एक दिवस घरी येऊन सांगितलं. अक्का काही बोलल्या नाहीत. मुलगी कागदपत्रं करायला मुंबईला गेली, तरी बोलल्या नाहीत. मी रागावले, तर म्हणाल्या, "सांगितलं तिनं. विचारलं न्हाई."

"आताच्या पोरी विचारतात का, अक्का?"

"मग आताच्या आयांनी बोलू नये."

दोघी सारख्या हट्टी. पाच-सहा महिने असेच गेले. मग एका सकाळी मुलीनं मुंबईहून एका माणसाच्या हाती हैदराबाद ते मुंबई विमानाचं तिकीट पाठवलं. निरोप एवढाच, की मी दोन वर्षांसाठी चाललेय, परवा रात्री माझं विमान आहे, त्याआधी ये. अक्का ते तिकीट दिवसभर पदराच्या टोकाला बांधून वर्गात शिकवत होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "हैद्राबादला येतीस का सोबतीला?"

माझी नणंद हैदराबादला राहते, म्हणून मी निघाले. अक्कांनी पिशवीत दोन पातळं, तिळाची चटणी, मुलीसाठी खव्याच्या पोळ्या आणि तो टॉवेल घेतला. टॉवेल कशाला, हे मी विचारलं नाही.

विमानातसुद्धा जागांपेक्षा जास्त तिकिटं देतात हे आम्हाला त्या दुपारी कळलं. खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं. मला वाटायचं, तिथं सगळंच वेगळं असेल. आत एकच जागा उरली होती आणि काउंटरपाशी तिकीटवाले दोघे. एक आमच्या अक्का, दुसरा मागून धावत आलेला एक तरुण. हातात पत्र्याची पेटी, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. काउंटरवरच्या माणसानं दोघांकडे पाहिलं आणि अक्कांना म्हणाला, "अम्मा, आप रुक जाओ. कल सुबह के जहाज से जाना."

"कामून? तिकीट हाय की माझं."

"टिकट है अम्मा, सीट नहीं है."

"एक हाय म्हणलास ना आत्ता? मी आधी आले. सीट किसकी है?"

तो गडबडला. अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. ते बघणं मी ओळखत होते. सावकारानंही ते पाहिलं होतं.

"है तो आपकी," तो शेवटी म्हणाला.

अक्कांनी पिशवी उचलली. मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात तो पेटीवाला पुढे झाला. हुमनाबादचा होता. "अम्मा," तो म्हणाला, "सीट आपकीच है. मेरेकू आज रात कू बंबई से सौदी का जहाज है. छूटा तो काम गया. देते क्या?"

"अक्का, न्हाई!" मी म्हणाले. "उद्या रात्री लेक चाललीय तुमची. उद्याचं भरलं तर? ही काय औरादची गाडी हाय का, मागच्यानं यायला?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता, ते मला दिसलं. पिशवीचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. खांबाजवळ इतकी वर्षं त्यांच्याबरोबर उभी राहिले, पण त्यांना असं चाचरताना पाहिलं नव्हतं.

"जा," त्या त्या पोराला म्हणाल्या. "अन् तिथं बाहेर माझी लेक उभी असंल. सगळ्यांच्या फुडं उभी असंल, माझ्यासारखं नाक. तिला सांग, आई उद्या सकाळी येतीय."

मग त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि काउंटरवर टाकला. टक्.

"ये क्या है, अम्मा?"

"टॉवेल. उद्याच्या जागेवर टाका."

"और ये गांठ में?"

"गोटा. त्याच्याबिगर नीट पडत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तो उचलायला हात पुढे केला, तर काउंटरवरच्या त्या माणसानं तो आधीच घेतला. हसला नाही. घडी घातली आणि खालच्या खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर दुसराच माणूस. अक्का शांत दिसत होत्या, पण माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. मी तिकीट पुढे केलं. त्यानं ते पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि विचारलं, "टॉवेलवाली अम्मा?"

पुढचं मी पाहिलं नाही, अक्कांनी परत आल्यावर सांगितलं. विमानातल्या पोरीनं त्यांना हाताला धरून खिडकीजवळच्या जागेपाशी नेलं आणि जागेवर टॉवेल होता, घडी केलेला, गोटा वर. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी आधी ठेवला नव्हता. पण अक्का बढाया मारणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"अन् लेक?" मी विचारलं.

"आदल्या सांजंला तो पोरगा हुडकीत गेला तिच्याकडं. म्हणला, तुमारी अम्मा पूछे तो देते. तिला आधी रागच आला म्हणं. आई येणार म्हणून ती दुपारधरनं उभी, अन् आला पेटीवाला." अक्का हसल्या. मग टॉवेलचा काठ सरळ करत बसल्या. "दुसऱ्या दिवशी दिवसभर आम्ही इकडचं तिकडचं बोललो. पोळ्या खाल्ल्या. निघायच्या टायमाला, पेटी बांधलेली, तिकीट हातात, गाडी दारात, अन् मला विचारती, आई, जाऊ का?"

"मग?"

"मग काय. म्हणले, जा."

ती दोन वर्षं काढून गेल्या साली परत आली, लग्न झालं, मुंबईत एका दवाखान्यात लागली. पावसाळ्यात बाळंत होईल. अक्का एप्रिलात निवृत्त झाल्या आणि लेकीकडे गेल्या. निरोपाच्या दिवशी पोरांनी हार घातले, मी भाषण केलं, भाषणात काय बोलले ते मला आठवत नाही. अक्कांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "नकाशे फाटलेत, नवे माग." आता, टॉवेल त्या विसरल्या असं कुणी म्हणेल, तर मी मानणार नाही. अक्का काही विसरत नसत.

सोमवारी सकाळी मी खांबाजवळ उभी राहिले. गाडी वळली. हात मागे नेला आणि टॉवेल सोडला. तो दुसऱ्या बाकावर पडला नाही. मागून दुसऱ्या खिडकीतून, आधीच्या गावाहून बसून आलेल्या एका फेटेवाल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर पडला. मी वर चढले तेव्हा म्हातारा गाठ चाचपून बघत होता.

"अक्का आल्या व्हय?"

"न्हाई, काका. मी हाय."

"नेम न्हाई तुमचा," तो म्हणाला आणि सरकला. मी बसले. बसते न बसते तोच एक पोरगी बाकाला धरून उभी राहिली. छातीशी वह्या, बिदरच्या कॉलेजात जाणारी असावी. "बाई," ती म्हणाली, "जरा बसू का? चक्कर यायलीय."

मी तिच्याकडे पाहिलं. तोंडात आलं होतं ते मी गिळलं. ते विचारणं अक्कांचं. त्यांच्यासारखं संतपूरपर्यंत उभं राहणंही माझ्यानं व्हायचं नाही, माझे गुडघे मला ठाऊक आहेत.

"काका, आणखी थोडं सरका," मी म्हणाले. टॉवेल उचलून मांडीवर घेतला आणि मधे हातभर जागा केली. "ये, बस."

कंडक्टरनं घंटी मारली.