केरसुणी आणि एक तास वीस मिनिटं

“टेकलं का रं?” विमान डोक्यावरून गेलं, की शेजारची मावशी कुंपणाजवळ येऊन विचारायची. आत्ता कुठे ते उडालेलं असायचं. हिच्या बगलेत केरसुणी, पण जमिनीला लावलेली नाही.

माणूस गावाला निघाला की लगेच घर झाडायचं नाही, हे तुमच्याही घरात असेल. आपण घटकाभर थांबतो आणि कामाला लागतो. मावशी माणूस मुक्कामी पोचेपर्यंत थांबायची. तिचा मुलगा हैदराबादला नोकरीला. तो बसने जायचा तेव्हा बारा-चौदा तास केर तसाच पडून. मग गावाजवळ शिर्डीचा विमानतळ झाला. मी तिला सांगितलं, “मावशी, सरळ गेलं तर पाचशे किलोमीटर. एक तास वीस मिनिटं.”

“लई बरं झालं,” ती म्हणाली. “केर शिळा व्हायचा न्हाई.”

मी चेष्टा करायचो. एकदा तिने कारण सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा जवळच्या बेलापूरच्या बाजाराला निघाला. पाहुणे यायचे होते म्हणून हिने त्याच्या पाठोपाठ घर झाडलं. वाटेतच त्याला ट्रकने उडवलं. “म्याच झाडून काढला त्याला,” ती म्हणाली. तेव्हापासून मी चेष्टा बंद केली.

एका पावसाळी सकाळी मुलगा असाच निघाला. वेळ झाली, मोबाईलवर विमान उतरल्याचं दिसलं. मी हाक मारून सांगितलं. ती उंबऱ्यात वाकली आणि केरसुणी न टेकवताच सरळ झाली.

“न्हाई. आजून वाटंवरच हाय त्यो.”

“अगं, मोबाईल सांगतोय.”

“त्याला काय ठावं? हात चालंना माजा.”

रात्र पडायच्या आधी मुलाचा मला फोन आला. ढगांमुळे विमान भलत्याच गावी उतरवलं होतं, तिथून बसने तो आत्ता घरी पोचला होता. तिला सांगायला बाहेर आलो, तर निम्मं अंगण झाडून झालेलं.

गेल्या वर्षी मावशी गेली. मुलाने घराला कुलूप लावून किल्ली आमच्याकडे ठेवली. मला तिची फार आठवण येते.

आता कामासाठी मीही हैदराबादला जातो. पहिल्या खेपेला विमानातून उतरतोय तोच बायकोचा फोन. “पोचलात ना?”

“तुला कसं कळलं?”

“मावशीच्या घरात कुणीतरी झाडतंय.”

परत आल्यावर आम्ही कुलूप उघडलं. वर्षभर बंद घर, पण फरशीवर धुळीचा कण नव्हता. केरसुणी दाराआड उभी होती. त्यानंतर प्रत्येक खेपेला तेच. आधी भीती वाटली. मग, खरं सांगतो, बरं वाटायला लागलं. आपल्यासाठी कुणी केर अडवून बसलंय, एवढं कोण करतं?

आज सकाळी उतरलो. एक तास वीस मिनिटं, अगदी वेळेवर. बॅग घेऊन बाहेर आलो तरी फोन नाही. शेवटी मीच लावला. “आवाज आला का?”

“आजून न्हाई,” बायको म्हणाली, थेट मावशीच्या बोलीत. कुंपणाजवळच कान देऊन उभी आहे म्हणे.

विमानतळाबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय. तीन टॅक्सीवाले विचारून गेले. तिघांनाही म्हटलं, थोडं थांबतो. आता दुपार झाली आहे.