पावडरीवरची वाटी

कपडे धुण्याच्या पावडरीच्या पुड्यावर ‘स्टीलची वाटी मोफत’ असं ठळक छापलेलं असतं आणि दुकानदार वाटी देत नाही, तेव्हा तुम्ही ती मागता का? खरं सांगा. मागत नाही. मागे रांग असते, ओळखीचं कोणीतरी बघत असतं आणि फुकटच्या वाटीसाठी तोंड उघडलं तर आपली इभ्रत जाईल असं तुम्हाला वाटतं. त्या वाटीची किंमत पुड्यातच धरलेली असते, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. आता मी सांगितलं.

विमलाक्का मागायच्या. मोठ्या आवाजात मागायच्या, कारण त्यांना दुसरा आवाज नव्हता.

मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरांतलं त्यांचं घर. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेले लोक, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. नवरा रघुजीअण्णा सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, दिवसभर पेपर वाचणारे. विमलाक्का घरी मेतकूट आणि चटणीपुडी करून विकायच्या. त्यावर घर चालत नव्हतं, पण त्यांचं स्वतःचं जे काही होतं ते त्यावर चालत होतं. सगळं दगडी खलात कुटायचं. एकोणीसशे नव्वद साल उलटल्यावर त्यांचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, कुटणं बंद करा. अण्णा म्हणाले, मग धंदाच बंद कर. विमलाक्का म्हणाल्या, “मिक्सर आणते.”

“पैसे?”

“पैसे कशाला लागतात?”

आमच्या भागात तेव्हा ‘ध्रुवतारा सुपर मार्केट’ नवीनच निघालं होतं. दारात पिशवी जमा करायची, आत जाऊन आपल्या हाताने फळीवरून सामान उचलायचं. कितीतरी बायका पहिले काही महिने भीतीने आतच गेल्या नाहीत. हाताने उचललं तर चोरी समजतील असं वाटायचं. विमलाक्का पहिल्याच दिवशी गेल्या, सगळ्या फळ्यांवरच्या किमती वाचल्या आणि काही न घेता परत आल्या. मॅनेजर सुधींद्रने दारात विचारलं, “काय पाहिजे अम्मा?” त्या म्हणाल्या, “आज स्वल्प वाचते. उद्या घेते.”

या दुकानाने लक्ष्मी कार्ड काढलं. ठरावीक रकमेची खरेदी केली की कार्डावर एक शिक्का. सगळे चौकोन भरले की मिक्सर बक्षीस. कार्ड देताना सुधींद्रच्या तोंडावर जे हसू होतं, त्यावरून कोणाचंच कार्ड कधी भरणार नाही असा त्याचा हिशेब होता हे मला कळलं. विमलाक्कांना ओळखत नव्हता तो.

एकट्या घराच्या खरेदीने कार्ड भरायला म्हातारपण लागलं असतं. म्हणून त्यांनी गल्लीतल्या बायकांना गोळा केलं. सगळ्यांचं वाणसामान एकत्र आणायचं, एकच बिल, शिक्के विमलाक्कांच्या कार्डावर. बदल्यात ज्या काही ऑफर असतील त्याचा फायदा सगळ्यांना. तीन साबणांवर एक मोफत आला की तो चौथा साबण त्या पायरीवर बसून शिवणाच्या दोऱ्याने कापायच्या. दोरा ताणून धरायच्या आणि एकसारखे तीन तुकडे पाडायच्या. एकीला जरा मोठा गेला तर दुसरी बोलायच्या आत त्याच त्यातला कोपरा खरवडून समान करायच्या. टूथपेस्टवर ब्रश मिळायचा. अण्णा म्हणायचे, “घरात ब्रश इतके झालेत, तेवढे दात नाहीत आमच्याकडे.”

“दात मोफत मिळाले की तेही आणते,” विमलाक्का म्हणायच्या.

असं करत कार्डाची शेवटची ओळ तेवढी रिकामी राहिली. तेव्हाच ती पावडरीची ऑफर आली. मोठ्या पुड्यावर स्टीलची वाटी, टेपने चिकटवलेली. टीव्हीवर दाखवत होते. ध्रुवतारात मात्र पुडे होते, वाट्या नव्हत्या.

विमलाक्कांनी पुडा काउंटरवर ठेवला. “ह्याच्यावरची वाटी?”

“इल्ला अम्मा,” सुधींद्र म्हणाला. “कंपनीने वाट्या पाठवल्याच नाहीत.”

“मग हे काय?” पुड्याच्या एका अंगाला टेप ओढल्याची खूण होती. छापलेला रंग निघून खालचा पांढरा पुठ्ठा दिसत होता. “कंपनीने नुसताच टेप पाठवला?”

रांगेतलं कोणीतरी हसलं. तिथेच बिघडलं. रांगेसमोर हसं झालेलं सुधींद्रला सहन होणारं नव्हतं. त्याने विमलाक्कांच्या हातातलं कार्ड घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “एवढी खरेदी एका घराची? अम्मा, तुम्ही दुसऱ्यांच्या बिलांवर शिक्के घेता. ही फसवणूक आहे. एक घर, एक कार्ड. हे रद्द.” आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. वर म्हणाला, “वाटीसाठी टेप स्वतः ओढून आणतात लोक. आम्हाला सगळं माहीत आहे.”

विमलाक्का घरी आल्या आणि खल बाहेर काढला. डाव्या हाताने कुटायला लागल्या. अर्धं मेतकूट फरशीवर.

मला ही बातमी अण्णांनी दिली. माझं शिक्षण नववीपर्यंत, पण रेशन दुकानाच्या मापापासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत आमच्या भागात भांडण काढायचं तर लोक माझ्याकडे येतात. मी तशीच दुकानात गेले. “‘एक घर, एक कार्ड’ हे कार्डावर कुठे छापलंय ते दाखव,” म्हटलं. छापलेलं नव्हतंच. मी आवाज चढवला. सुधींद्रने शांतपणे वॉचमनला बोलावलं. मी वॉचमनशीही भांडले. तो बिचारा म्हणाला, “अक्का, माझ्याकडे कार्डच नाही.” शेवटी सुधींद्र म्हणाला, “पुरावा आणा मॅडम. वाट्या आम्हाला मिळाल्या असा पुरावा आणा.”

पुरावा कुठून आणणार? निघालेला टेप काही बोलत नाही.

पुढे संक्रांत आली. गल्लीच्या टोकाला नयना नावाची मुलगी नव्याने राहायला आली होती. पुण्याची, नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिने तिचं बेंगळुरातलं पहिलं हळदीकुंकू ठेवलं. नवरा वारल्यापासून मला हळदीकुंकवाचं आमंत्रण येत नाही. त्याचं मला काही वाटत नाही, आणि वाटत असणार असं म्हणणाऱ्यांना मी उत्तर दिलेलं आहे. पण विमलाक्का दारात उभ्या राहिल्या. “चल ग सुचे. तिळगूळ खायला कोणी नको म्हणत नाही.” मी गेले. नयनाने न विचारता मलाही कुंकू लावलं. एकदोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी दोघींकडे पाहिलं. विषय संपला.

नयनाने वाण म्हणून स्टीलच्या वाट्या लुटल्या. छान, जाड बुडाच्या. प्रत्येकीच्या ओटीत एकेक. वाटीच्या तळाला गोल सोनेरी स्टिकर : ‘संक्रांतीच्या शुभेच्छा, ध्रुवतारा सुपर मार्केट’.

विमलाक्कांना भांड्यावरचा स्टिकर सहन होत नाही. धुतल्यावर त्याचा गोंद भांड्याला धरतो, म्हणून तो कोरडा असतानाच काढायचा, हा त्यांचा नियम. बाकीच्या बायका उखाण्यांवर हसत होत्या तेव्हा त्या कोपऱ्यात बसून डाव्या हाताच्या नखाने स्टिकर सोलत होत्या. सोलला. मग चष्मा लावला. मग वाटी माझ्यासमोर धरली.

तळाला ठोकलेली अक्षरं होती. पावडरीच्या कंपनीचं नाव, आणि खाली इंग्रजीत : नॉट फॉर सेल.

“सुचे,” त्या म्हणाल्या, “ही माझी वाटी.”

हळू म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पण सांगितलं ना, त्यांना दुसरा आवाज नव्हता. सगळ्यांनी आपापल्या वाट्या उलट्या केल्या. स्टिकर निघायला लागले. प्रांजली म्हणून एक आहे, तिला बोलल्याशिवाय तिळगूळ पचत नाही. ती म्हणाली, “अगंबाई, पावडरीवरच्या वाट्या वाण म्हणून! पुण्याची पद्धत वाटतं ही.”

नयनाचा चेहरा पडला. “अहो काकू, मी विकत आणल्यात! फेस्टिव्हल ऑफर होती. मला खरंच माहीत नव्हतं हो…” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिलं हळदीकुंकू, आणि गल्लीभर नाव होणार की हिने फुकटच्या वाट्या लुटल्या.

माझं लक्ष एकाच शब्दावर होतं. “विकत आणल्यास? बिल आहे?”

“आहे ना.”

“दे.”

ती थांबली. “बिल नाही देणार.”

“का?”

“त्यावर किंमत आहे, ताई. वाणाची किंमत सगळ्यांपुढे कशी दाखवू?”

माझं डोकं फिरलं. पुरावा समोर, आणि ही लाजते! मी तोंड उघडणार, तेवढ्यात विमलाक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, चांगलाच दाबून.

“राहू दे तुझं बिल,” त्या नयनाला म्हणाल्या. “वाणाची किंमत कोणी विचारत नसतं. स्टिकर त्यांचाच आहे, तेवढा पुरे. प्रांजली, ऊठ. सगळ्या उठा. आपापली वाटी घ्या.”

“आत्ता? ह्या साड्यांत?” प्रांजली म्हणाली.

“साड्या चांगल्या आहेत म्हणूनच. वॉचमन अडवणार नाही.”

नयनाने गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि तीही आली.

गल्लीतून पैठण्या, इरकली, मैसूर सिल्क आणि हातात एकेक वाटी. भाजीवाल्याने विचारलं, देवळात जाताय का? विमलाक्का म्हणाल्या, “सरी, बरं, तसंच समज.”

त्या दिवशी गल्ल्यावर दुकानाचे मालक स्वतः बसले होते. हयवदन राव नाव त्यांचं, कपाळावर गंध, शांत माणूस. सुधींद्र बाजूला उभा. विमलाक्कांनी गल्ल्यासमोर वाटी पालथी ठेवली. शेजारी नयनाने ठेवली. मग एकेकीने. काउंटर भरला. काहींवर सोनेरी स्टिकर, काहींवर ठोकलेली अक्षरं.

“अम्मा, हे बाहेरचं सामान इथे…” सुधींद्र म्हणाला.

“स्टिकर तुमचा,” विमलाक्का म्हणाल्या. “खालची अक्षरं कंपनीची. मधली चोरी कोणाची ते तुम्ही बघा. मला माझं कार्ड पाहिजे.”

हयवदन रावांनी एक वाटी उचलली, त्यावरचा स्टिकर स्वतः सोलला आणि वाचलं. दुसरीचा सोलला, तेही वाचलं. त्यांना आधी माहीत होतं की नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. मी दोन्ही धरून चालते.

“कार्डाचा नियम वेगळा आहे सर,” सुधींद्र घाईने म्हणाला. “एक घर, एक कार्ड. ह्या सगळ्या काय एका घरच्या आहेत?”

“मोफतचा साबण आम्ही दोऱ्याने कापून वाटून घेतो,” विमलाक्का म्हणाल्या. “तुमच्या घरी भाऊभाऊ घेतात?”

ह्यावर सुधींद्र सरकून ड्रॉवरसमोर उभा राहिला. नंतर कळलं की त्याच्या घरी भावांचं कोर्टात चालू होतं. विमलाक्कांना ते ठाऊक नव्हतं, त्या आपल्या साबणाबद्दलच बोलत होत्या.

मालकांनी ड्रॉवर उघडायला लावला. कार्ड निघालं. त्यांनी ते पाहिलं, बाहेर जमलेली गर्दी पाहिली, आणि फळीवरचा मिक्सरचा खोका खाली काढायला सांगितला. “घेऊन जा अम्मा. आजच घेऊन जा. विषय इथे मिटवू.”

मी म्हटलं, झालं! खोक्याला हात घालणार होते. विमलाक्का म्हणाल्या, “नको.”

“काय नको?” मी कोपराने ढोसलं त्यांना. “खांदा बघा स्वतःचा!”

“शेवटची ओळ रिकामी आहे,” त्या म्हणाल्या. “आज असाच घेतला तर हा उद्या सांगेल, म्हातारीने आरडाओरडा करून फुकट नेला. मी फुकट काही नेत नाही. शिक्के मारून द्या, मग नेते.”

मग त्या दुकानात शिरल्या. त्यांच्यामागे आम्ही सगळ्या, पैठण्यांचे पदर खोचून. तूरडाळ, साबुदाणा, फिनेल. ज्याची घरी खरंच गरज होती तेवढंच. प्रांजलीने अत्तराची बाटली उचलली ती विमलाक्कांनी परत ठेवायला लावली. सगळ्यांदेखत एकच बिल झालं आणि शिक्के मालकांनी स्वतः मारले. ओळ भरली. आता त्यांनी दोन्ही हातांनी खोका दिला. विमलाक्कांनी तो तिथेच उघडला, मिक्सर बाहेर काढला, उलटा केला आणि तळ वाचला. मग म्हणाल्या, “सरी.”

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर पाटी लागली की टेपची खूण असलेला पुडा घेऊन या आणि वाटी घेऊन जा. वाट्या सुधींद्र वाटत होता. मी उगाचच दोनदा तिथून चालत गेले.

नयनाच्या वाट्या कोणीही परत केल्या नाहीत. वाण ते वाण. प्रांजली तर आता सांगत फिरते की तिच्या घरातली सगळ्यात जाड वाटी तीच.

विमलाक्का अजून त्याच घरात आहेत. मेतकूट मिक्सरवर होतं आणि मापायला तीच वाटी आहे, तळाला ‘नॉट फॉर सेल’ लिहिलेली. भरून, वर बोटाने सपाट करून, जराही कमी नाही आणि जराही जास्त नाही. मल्लेश्वरमला गेलात तर त्यांच्याकडून मेतकूट घ्या. चांगलं असतं. फक्त एवढं करा माझ्यासाठी : पुडी हातात घेतल्यावर, ह्याच्यावर काय मोफत आहे, असं त्यांना विचारू नका.