फिटरचे शेवटचे शब्द

दर पाच वर्षांनी मी टीव्हीवर दिसतो. माझं कर्तृत्व एवढंच की आमच्या कारखान्यात बॉयलर फुटला, एकोणीस माणसं गेली आणि मी राहिलो.

का राहिलो, ते मी कुणालाच खरं सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी एका लग्नात मी आधाशासारखा जेवलो होतो. बॉयलरच्या काट्यावर नजर ठेवायचं काम माझं, पण सकाळी पोटात अशी कळ आली की काटा दिसेना. शेजारी माझा दोस्त, फिटर, पाना घेऊन उभा होता. माझं तोंड बघून म्हणाला, "पळ बाबा. इथं काही झालं तर पुसायला मी येणार नाही." तो माझ्या जागी थांबला. मी आवाराच्या टोकाला असलेला संडास गाठला, कडी लावली आणि तेवढ्यात स्फोट झाला.

पाचव्या वर्षी माहितीपटवाले आले. कॅमेऱ्यापुढे संडासाचं नाव घ्यायला जीभ रेटेना. म्हणालो, "जरा बाहेर गेलो होतो." दहाव्या वर्षी बाहेर जायला कारणही मिळालं: सकाळपासून मन अस्वस्थ होतं. पंधराव्या वर्षी फिटरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो म्हणाला, "तू जा, तुला लेकरंबाळं आहेत." विसाव्या वर्षी हे सांगताना मी रडलोसुद्धा, आणि खोटं नाही रडलो. तोवर मलाच ते पटलं होतं.

पंचविसाव्या वर्षी मला फिटरच्या घरी, त्याच्या बायकोशेजारी बसवलं. शूटिंगचे दिवे लावेपर्यंत वेळ होता. वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? तेव्हा तुमचं लग्नही झालं नव्हतं. मग लेकरंबाळं कुठली?"

मी कॉलरला लावलेला माईक चाचपत राहिलो.

"आणि असं भारदस्त ते जन्मात बोलले नाहीत. दहा वर्षं ऐकतेय मी. खरं काय म्हणाले ते?"

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. लग्नातलं जेवण, कळ, संडास, त्याचं वाक्य, शब्द न बदलता. वाटलं, आता ही मला हाकलून देणार.

वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे भरून आले. "हे त्यांचं," म्हणाल्या. "हे अगदी त्यांचंच." मग डोळे पुसत म्हणाल्या, "पण एवढी वर्षं तुम्ही ते स्वतःपाशी ठेवलंत, भावजी."

कॅमेरा सुरू झाल्यावर मी तेच पुन्हा सांगितलं. दिग्दर्शक अवघडला. म्हणाला, "काका, जरा हृदयस्पर्शी काही असेल तर बघा ना." वहिनीच म्हणाल्या, "हेच आहे."

माहितीपट लागला त्यात पाच वर्षांपूर्वीचा मी होतो, काळ्या केसांचा, रडणारा. नवं सगळं कापलं होतं. माझी बायको म्हणाली, "तेव्हा बरे दिसायचात."

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. त्यांच्या मुलीला वडील आठवत नाहीत. ते गेले तेव्हा ती पाळण्यात होती. "रविवारी या," म्हणाल्या. "ते कामावर आणखी काय काय बोलायचे, तिला सांगा. शिव्यांसकट."