सहा-दहाची बस आणि पुतळाबाई

तीन मजली घर, खालच्या मजल्यावर चार भाडेकरू, दारात पांढरी गाडी, मग तू अजून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात कशाला जातेस, असं पुतळाबाईला कुणी विचारलं की ती त्याच्याकडे अशी बघायची की तो पुन्हा विचारत नसे. फारच खोदलं तर म्हणायची, "घर पोराचा हाय. पाटी माझी हाय."

उरणच्या बाजूला खाडीकाठी तिचं गाव. जमिनी गेल्या, बदल्यात भूखंड मिळाले, भूखंडांवर घरं उठली आणि गावातले बाप्ये महिन्याच्या महिन्याला भाडं गोळा करून दुपारी झोपू लागले. पुतळाबाईच्या नवऱ्याला तेवढंही सुख भोगता आलं नाही, तो आधीच गेला. तिने बेलापूरच्या मासळी बाजारात सतरा नंबरच्या ओट्यावर बत्तीस वर्षं बसून पोराला, मितेशला, वाढवलं. बाजारातला ओट्याचा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण प्रत्येकीला पाठ आहे. जी लागोपाठ आठ दिवस आली नाही, तिचा ओटा दुसरीचा.

बाजारात वेळेत पोचायचं तर एकच साधन होतं, खाडीपट्टा परिवहन सेवेची सकाळची सहा-दहाची बस. रेल्वे स्टेशन गावापासून साडेतीन किलोमीटर लांब, आणि रिक्षावाले ओली पाटी दिसली की तोंड फिरवायचे. बसमध्येही ओली मासळी न्यायला बंदीच होती. पण कंडक्टर हिरामण शेजारच्या गावचा, त्याची आईसुद्धा पाटीवालीच. तो पुतळाबाई धरून गावातल्या एकोणीस जणींच्या पाट्या मागच्या बाजूला ठेवून घ्यायचा, पाट्यांखाली प्लास्टिक अंथरायला लावायचा आणि प्रत्येकीचं रीतसर तिकीट फाडायचा.

भीती फक्त नाक्यावरच्या तपासनिसांची. त्यासाठी पुतळाबाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची. लांबून तपासनीस दिसला की ती ओरडायची, "नथ परली गो!" हिरामण दोनदा घंटी मारायचा, बस नाक्याच्या अलीकडे थांबायची आणि एकोणीस बायका पाट्यांसकट अशा उतरायच्या, जणू खरंच कुणाची नथ रस्त्यात सांडली आहे. पुढचा रस्ता मग मिळेल त्या वाहनाने. सात वर्षांत एकही पाटी पकडली गेली नव्हती, आणि याचा पुतळाबाईला फार तोरा होता.

पुढे सरकारने बायकांना निम्म्या तिकिटात प्रवास जाहीर केला. मितेश सत्तेतल्या पक्षाचा युवा पदाधिकारी. त्याने बसथांब्यावर त्याच्या साहेबांचा बॅनर लावला. साहेबांचा चेहरा एवढा मोठा की वेळापत्रक त्याच्या गालाखाली गेलं. उरलेलं निम्मं तिकीट सरकारने परिवहन सेवेला द्यायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बॅनरवर होतं. दीड वर्ष छदाम आला नाही. परिवहन सेवा होती दुसऱ्या पक्षाच्या हातात. ते म्हणत, सरकार पैसे अडवून आमच्या बस बंद पाडतंय. सरकार म्हणे, हे लोक बायकांची खोटी तिकिटं फाडून आम्हाला लुटतात. दोघांचीही पत्रकं घसघशीत कागदावर छापलेली असायची, त्यांना मात्र पैसे कमी पडत नव्हते.

शेवटी मोजणी करायचं ठरलं. तीन दिवस माणसं पाठवायची, त्यांनी बसमध्ये चढून डोकी मोजायची आणि ज्या फेरीला डोकी कमी ती फेरी बंद करायची. या मोजणीची सूचना संकेतस्थळावर इंग्रजीत टाकली होती. मासळीवाल्यांनी ती वाचली नाही हा अर्थातच मासळीवाल्यांचा दोष.

सोमवारी नाक्यावर निळी जाकिटं घातलेली दोन माणसं उभी दिसली. पुतळाबाईने डोळे बारीक केले आणि हाक दिली, "नथ परली गो!" एकोणीस जणी उतरल्या. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

"या टायमाला लईच चिकट हायत मेले," एकोणिसांतली सुंदराबाई चिखलातून चालताना म्हणाली.

"हायत तर हायत," पुतळाबाई म्हणाली. "आपली एक पाटी तरी गावली का त्यांना?"

महिन्याभराने थांब्यावर कागद लागला. सहा-दहाची फेरी प्रतिसादाअभावी बंद.

"आये, टेन्शन नको घेऊ," मितेश म्हणाला. "साहेब बोलले, परिवहनवाल्यांची नाटकं हायत सगली."

"मंग साहेबांना सांग, उद्या सहा-दहाला मना न्यायला ये."

"आपली गाडी हाय ना."

"पाटीसकट नेशील?"

मितेशने गाडीच्या पांढऱ्या सीटकडे पाहिलं. "वास जात नाय गो आये."

लोकांचं ऐकून घ्यायला परिवहन सेवेने दोन दिवसांनी सुनावणी ठेवली. वेळ सकाळी आठची, म्हणजे ज्यांची बस गेली ते पोचू नयेत अशीच. तरी नऊ जणी गेल्या. आत गार हवेत एका बाजूला मितेश आणि त्याची पोरं सेवेच्या नावाने बोंबलत होती, दुसऱ्या बाजूची पोरं सरकारच्या नावाने. आशुतोष नावाचा तरुण अधिकारी भिंतीवर आकडे दाखवत होता.

"सहा-दहाची फेरी. मोजणीत सापडलेले प्रवासी सरासरी चार, त्यात महिला एक. तिकिटं मात्र वीस महिलांची."

"बोगस! एकोणीस भुतं बसवतात गाडीत!" मितेश ओरडला आणि त्याच्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

पुतळाबाईने मनातल्या मनात मोजलं. एकोणीस. ती भुतं कोण हे त्या हॉलमध्ये नऊ जणींना ठाऊक होतं, आणि त्यांना चिखलात कुणी उतरवलं तेही. बाकीच्या आठ जणी तिच्याकडे न बघता जमिनीकडे बघत होत्या. ती उठली.

"साहेब, ती भुतं आमी. मीच त्यांना उतरवली. मना वाटला, तुमची मानसं पाट्या धरायला आली."

आशुतोषने चष्मा वर केला. "म्हणजे मावशी, तुम्ही बसमधून मासळी नेत होतात?"

"रोज."

"आणि कंडक्टर?"

"तो काय करील? नाय बोलला असता तर पाटी त्याच्या डोक्यावर वतली असती."

"मग तुम्हाला अधिकृत प्रवासी धरता येत नाही."

"तिकीट अधिकृत होता ना! तिकिटं मोजा."

"तिकिटांवर सरकारचा विश्वास नाही. म्हणून तर मोजणी केली."

"मंग आता मोजा. नऊ जनी इथं हाव, धा जनी घरी."

"लेखी द्या. पुढची मोजणी पुढच्या आर्थिक वर्षात."

"माझा ओटा आठ दिवसांत जातो, बाबा."

आशुतोषने खांदे उडवले. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला फक्त मोजायला शिकवलं होतं. मितेशने आईचा हात धरून तिला बाहेर ओढलं. "गप बसायला काय झाला? आपल्याच पार्टीची वाट लावलीस!"

"तुझी पार्टी," पुतळाबाई म्हणाली. खरं सांगितल्याने हॉलमधल्या एकाही बाजूला आनंद झाला नव्हता, एवढं तिने जाताना पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांची पत्रकं निघाली, तिचा उल्लेख एकाही पत्रकात नव्हता.

बस गेली ती गेली. गावातल्या मिथुनचा टेम्पो पाट्या न्यायला तयार झाला, पण ड्रायव्हरशेजारी जागा एकीचीच, ती पाळीने. बाकीच्यांना पहाटे रिक्षा मिळेना. मासळीला वाट होती, मासळीवालीला नव्हती. आठवड्याच्या आत अकरा जणी घरी बसल्या. त्यांच्या पोरांनी सुटकेचा निःश्वास सोडला, सुनांनी सोडला नाही. एवढ्या जणी गळल्या तरी पुतळाबाईची पाळी नवव्या दिवसाच्या आत येत नव्हती.

बस बंद झाल्याच्या सहाव्या दिवशी तिने पिशवीत दोन लुगडी आणि एक चादर भरली आणि बाजाराच्या मागे खोली बघायला गेली. खोलीचा मालक कृष्णात, साताऱ्याकडचा, भाजी बाजारात पोती उचलून दोन खोल्या केलेला माणूस.

"एकट्याच राहणार का, मावशी? घरी कोण न्हाई व्हय?"

"हायत. तीन मजले हायत."

कृष्णात गोंधळला. "तीन मजले? आन भाड्यानं ऱ्हाताय?"

"बस बंद केली ना मेल्यांनी."

त्याने आधार कार्ड घेतलं, पोलिसांचा फॉर्म भरायला लावला, दोन फोटो मागितले. तिच्या घरात भाडेकरू आला की मितेश हेच सगळं मागायचा, तेव्हा ती आतून चहा पाठवायची. कृष्णातनेही चहा मागवला. तेवढ्यात मितेश आला.

"आये, चल घरी. गावात लोक काय बोलतील? मालकीन भाड्याने राहते!"

"बोलू दे."

"महिनाभर थांब. साहेब काय तरी करतील."

"करू दे," ती म्हणाली आणि फॉर्मवर अंगठा न देता सही केली. सहीला वेळ लागला. मितेश उभा राहिला, मग गेला.

सातव्या दिवशी पहाटे मिथुनने तिची पाटी बाजारात उतरवली. टेम्पोत त्या दिवशी पाळी सुंदराबाईची होती. सतरा नंबरच्या ओट्यावर तिने आधीच पाण्याची बादली मारली होती.

"उद्यापर्यंत नसतीस आली तर हितं मी बसनार होते," सुंदराबाई म्हणाली.

"ठाव हाय," पुतळाबाई म्हणाली. "सरक."